डावं-उजवं

सव्वीस वर्षं पाथर्डी फाट्यावर
मी गाड्या सरळ करतो.
ट्रक, टेम्पो, द्राक्षांचे पिकअप,
खड्ड्यानं वाकवलेलं जे काही असेल ते
माझ्या पिटावर चढतं
आणि नाकासमोर चालत निघून जातं.
बोर्डावर: आडके व्हील अलाइनमेंट.
खाली पेंटरनं त्याच्या मनानं घातलेलं:
वाकडं इथे चालत नाही.

त्या पिटावर स्वरूपा निमसेनं
एटीव्ही आणून उभी केली,
शुक्रवारी, शटर अर्धं खाली आल्यावर.
ओझरच्या पॅकहाउसमध्ये पेट्या मोजणारी पोरगी,
मनगटात अजून चार रबरबँड.
म्हणाली, काका, ही वाकडी करून द्या.

रविवारी शर्यत. आडगावच्या पुढे
बाग उपटलेल्या रानात मुरूम टाकून
रोलर फिरवलाय. उडी नाही, चढ नाही,
नुसतं डावीकडे वळायचं.
दहा फेऱ्या, डावीकडेच.
मोईन पाना पुसत म्हणाला, म्हणजे उलटी प्रदक्षिणा.
मी म्हणालो, नट सोडतानाची दिशा.
ती म्हणाली, तेच तर.

आधी उंची काढली.
खडकांवरून उड्या मारायला जन्मलेली मशीन,
ढोपरं वर काढून उभी.
शॉकअपना पट्टे बांधले, चाल निम्मी केली,
पोट जमिनीपासून वीतभरही ठेवलं नाही.
सातपूरच्या तिदम्यांनी लेथवर स्पेसर उतरवून दिले,
पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, चालवणार कोण?
सांगितलं, तेव्हा कडा दोनदा घासून दिल्या.

मग टायर.
मागच्या उजव्याचा घेर डाव्याहून दोन इंच जास्त.
इथे माझा हात थांबला.
जन्मात डावं-उजवं केलं नाही मी,
ना चाकांत, ना पोरांत.
स्वरूपानं चहाचा रिकामा कागदी कप
फरशीवर आडवा ठेवला, बोटानं ढकलला.
कप सरळ गेला नाही,
गोल फिरून तिच्याच चपलेशी आला.
एक बाजू लहान आहे ना, म्हणाली,
त्याला वळायला सांगावं लागत नाही.

खडूची खूण, चाकाची एक फेरी, टेप.
डाव्यात हवा कमी. पुन्हा खूण, पुन्हा फेरी.
अकराच्या सुमारास मोईन ओरडला:
साडेसत्तावन्न! साडेपंचावन्न!
पुढची दोन्ही चाकं डोक्यानं डावीकडे कलवली,
भिंतीपलीकडचं ऐकणाऱ्या शेजाऱ्यासारखी.
सवयीनं ओळंबा धरला.
सगळ्यात तो एकटाच सरळ होता
आणि तोच चुकलेला दिसला.

रविवारी मी दोरीपाशी उभा होतो,
दातांत धूळ.
पहिल्याच वळणाला मागची चाकं बाहेर सुटली
आणि पोरीनं हँडल उजवीकडे फिरवलं.
उजवीकडे!
गाडी डावीकडे जात होती.
अंग आत इतकं ओणवलेलं
की कोपर मुरमाला पुसून जावं,
किल-स्विचची दोरी मनगटापासून ताणलेली.
माझी सगळी विद्या
माझ्यासमोर आडवी घसरत होती
आणि पडत नव्हती.

तिसरी आली.
तिसऱ्याला ऑइलचा कॅन.
कॅन माझ्याकडेच ठेवून गेली, म्हणाली, पुढच्या वेळेला.
पिकअपपर्यंत गाडी ढकलत नेली आम्ही,
दर दोन पावलांनी ती डावीकडे.
मोईन शिव्या देत सरळ करायचा,
मी नुसता हात लावून चालत होतो.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक सिन्नरचं, बोलेरो.
म्हणे, डावीकडे ओढते हो.
इतकी वर्षं यावर माझं एकच उत्तर,
घ्या पिटावर.
या वेळी विचारलं, किती ओढते?
तो बघतच राहिला.
मग मी हात पुसले
आणि घेतली पिटावर.